वायफाय सहाचा राउटर आणण्याआधी

राउटर आणण्याआधी केबल बघा. गेल्या खेपेला मी नेमकी तीच विसरलो, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितोय. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, बेळगावच्या खडे बाजारातून आणलेला कोरा राउटर, आणि मोबाईलवर स्पीड ९४. दोन दिवस इंटरनेटवाल्या पोराशी भांडलो, तो कन्नडमधून, मी मराठीतून. तिसऱ्या दिवशी केबलचा जॅक टॉर्चखाली धरला तर आत आठाच्या जागी चारच वायरी. चार वायरींवर १०० च्या पुढे जात नाही म्हणजे नाही. पोराला चहा पाजावा लागला.

आता बाकीचं. वायफाय सहा म्हणजे वायफायची सहावी पिढी, तांत्रिक नाव ८०२.११एएक्स, प्रमाणित वस्तू २०१९ पासून येतात. घरातले फोन त्यातले आहेत का बघा (आयफोन असेल तर ११ किंवा पुढचा). जुना फोन नव्या राउटरला जोडला जातो, पण चालतो जुन्याच चालीनं. खरा फायदा गर्दीत. आधीचा राउटर एकाचं पान पूर्ण वाढून मग दुसऱ्याकडे वळायचा. हा एकाच फेरीत चार पानांवर थोडं थोडं वाढतो. घरात दोनच फोन असतील तर पैसे राखून ठेवा.

खोक्यावरच्या ‘एएक्स १५००’ला भुलू नका. राउटर दोन लहरींवर चालतो, ती २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१ एमबीपीएस यांची गोळाबेरीज आहे, तेही कागदावर. त्यापेक्षा पोर्ट (केबल खुपसायची भोकं) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते वाचा. स्वस्तातल्या काहींना १०० चेच असतात, म्हणजे पुन्हा ९४. फायबर घरात येऊन ज्याला जोडली जाते त्या पांढऱ्या डब्याचा पोर्टही तपासा. आणि डबा ते राउटर ही केबल? कॅट पाच-ई किंवा सहा, आठही वायरी दोन्ही टोकांना जॅकमध्ये दाबून बसवलेल्या (क्रिंप केलेल्या). भिंतीतून गेलेली जुनी केबल ‘चालतीय की’ म्हणून ठेवू नका. माझीही चालतच होती.

जागा मधली आणि उंच. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ दमतं. टीव्हीमागे नको, लोखंडी कपाटावर तर नकोच.

लाईट जाणार हे धरूनच चला: बॅकअप राउटरला आणि पांढऱ्या डब्याला, दोघांनाही. अडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर जुळवून घ्या. खानापूरकडे वळवात विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, गच्चीवरून केबल आली असेल तर तीही.

जुना राउटर काढण्याआधी पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड लिहून घ्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा, नाहीतर टीव्ही, कॅमेरा सगळं परत जोडत बसाल. सुरक्षेच्या सेटिंगला डब्ल्यूपीए (वायफायच्या पासवर्डचं कुलूप) २ आणि ३ मिश्र. नुसत्या ३ वर जुना प्रिंटर रुसतो. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११. राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड बदला, अपडेट करा, झालं.

स्पीड टेस्ट राउटरजवळ उभं राहून. ९४ च्या आसपास अडकलं तर कुणाला फोन लावू नका, जॅक बघा.

जुना राउटर मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथं वायफाय पोचवायला, लागतो. त्यालाही केबल लागेल. आठ वायरींची.