जुन्या गाडीची पेट्रोल टाकी आणि लाइन साफ करताना

टाकी उतरवण्याआधी दोष नक्की तिथेच आहे का ते बघा. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात पद्मिनी किंवा अँबेसेडर बंद पडली आणि फ्यूल पंपावर ओलं फडकं टाकल्यावर चालू झाली, तर तो व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलाय. त्यात टाकीचा काही दोष नाही. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाचणीने मोकळं केलं की काम झालं. मात्र वेगात गाडी गुदमरते, पाच-दहा मिनिटं उभी केली की पुन्हा नीट चालते, असं असेल तर गाळ नळीच्या तोंडाशी ओढला जातोय आणि थांबल्यावर खाली बसतोय. मग टाकी उतरवायचीच.

काम सकाळी, उघड्या अंगणात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जवळपासचा कूलर बंद ठेवा; त्याच्या मोटारीची एक ठिणगीही पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोकादायक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. पेट्रोल हातपंपाने काढा, तोंडाने ओढू नका. टाकीवरच्या पेट्रोल गेजच्या युनिटची रिंग पितळी पंच आणि लाकडी हातोडीनेच फिरवा. फ्लोट, जाळी, वॉशर काढून बाजूला ठेवा.

आधी १० लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून टाकी दोनदा धुवा, म्हणजे चिकट थर आणि वाफ दोन्ही जातात. मग मीटरभर साखळी आत सोडून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. साखळीचं टोक बाहेर तारेने बांधा. बरेच जण नट-बोल्ट टाकतात, पण ते आतल्या पडद्यांमागे अडकतात आणि मग एकेक काढत बसावं लागतं.

उरलेल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिड: १० लिटर पाण्याला १ किलो. नागपूरच्या इतवारी बाजारात सुटं मिळतं. टाकी गच्च भरायची नसेल तर अर्धी भरून दर दोन-तीन तासांनी कूस बदला. १२ ते २४ तास पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर चांगला पत्राही खाल्ला जातो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका, ते डाग दिलेले जोड पोखरतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने खळखळून काढा आणि लगेच वाळवा. उन्हाळ्यात छताच्या पत्र्यावर ठेवली की लवकर सुकते. पावसाळ्यात मात्र ओला पत्रा बघता बघता तांबूस होतो, म्हणून हे काम जुलैत काढूच नये. सुकल्याबरोबर अर्धा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवा.

आतून लावायचे सीलर बारीक भोकं असतील तरच. नीट बसला नाही तर त्याचेच पापुद्रे सुटून लाइन बुजवतात. भोक मोठं असेल तर टाकी जाणत्या रेडिएटरवाल्याकडे द्या. घरी ज्योत लावायची नाही.

लाइन साफ करताना पंप आधी सोडवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेने त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटतो. पंपाकडच्या टोकातून टाकीच्या दिशेने ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आत हवा मारा. टाकीकडच्या टोकाला फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. पोलादी नळी चेपली किंवा आतून गंजली असेल तर बदला. रबरी तुकडे तर सगळेच नवे, एसएई जे३० आर९ मार्कचे घ्या, कारण आताच्या ई२० पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने जुनं रबर मऊ होऊन सुटतं. पंपाची जाळी आणि कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबरही याच बैठकीत साफ करा. त्यांना सोडून नुसती टाकी धुतली तर मेहनत वाया.

जोडताना टाकी आणि पंपामध्ये पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर उघडून बघा. तांबूस पूड दिसली तर टाकीत गंज उरलाय. काळे कण आले तर एखादा जुना रबरी तुकडा बदलायचा राहिलाय.