अपडेटनंतर डी ड्राइव्ह गायब? ‘ओके’ दाबायच्या आधी हे वाचा

विंडोजचं मोठं अपडेट झालं, मशीन दोनतीनदा आपणहून बंद-चालू झालं आणि ‘धिस पीसी’ उघडलं तर एकटा सी ड्राइव्ह. डी नाही, बाहेरची हार्ड डिस्क नाही. मग कुणी व्हिडिओ बघत त्यातली बटणं दाबत सुटतं, कुणी दुकानात फोन करतं आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.’ दोन्ही नको. अपडेट सहसा डेटा पुसत नाही. 2018 च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटने काहींच्या फाइल्स खरंच उडवल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टने ते मागेही घेतलं, पण तो अपवाद. बहुतेक वेळा डेटा जागेवर असतो. तो घालवतो आपण, पुढच्या अर्ध्या तासात.

आधी रीस्टार्ट. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन पुरता होतच नाही. बाहेरची डिस्क असेल तर हब काढून थेट पोर्टला लावा, केबल बदलून बघा.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग्ज. मशीन सुरू होताना एफ-2 किंवा डिलीट दाबून आत जा आणि यादीत डिस्कचं नाव आहे का एवढंच बघा. नसेल तर विंडोजमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. बहुधा केबल सैल आहे किंवा डिस्कच गेली आहे. नाव आहे पण विंडोजला पत्ताच नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करून, म्हणजे आधीचा परत आणून बघा. लॅपटॉपवर कधीकधी अपडेटबरोबर बायोसही बदलतो आणि स्टोरेजचा मोड, म्हणजे मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं ते (AHCI, RAID, VMD), उलटापालटा होतो. तो पूर्ववत करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) 48 आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. की मिळत नसेल तर बायोसमध्ये काही बदलू नका.

आता खरी मेख. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. उघडताच एखादी खिडकी समोर येऊन म्हणेल, डिस्क ‘इनिशियलाइज’ करा. ‘ओके’ आयतं तयार असतं. कॅन्सल करा. नव्या कोऱ्या डिस्कसाठी ते ठीक. ज्या डिस्कवर कालपर्यंत मुलांचे फोटो होते तिच्यासाठी नाही. जमीन जागच्या जागी आहे, फक्त सातबारा सापडत नाही, अशी ती अवस्था असते. इनिशियलाइज म्हणजे कोरा सातबारा लिहून देणं. एवढ्यावर थांबलात तर अजून वाट असते, पण लोक थांबत नाहीत: काळी पट्टी (विंडोजच्या लेखी मोकळी जागा) दिसली की ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, त्यात फॉरमॅटची खूण आधीच केलेली, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधला खालचा भाग नीट वाचा. डिस्कपुढे निळी पट्टी आहे, ‘हेल्दी’ लिहिलंय, नुसतं अक्षर नाही? मग सुटलात. राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘अ‍ॅड’, आणि जुनंच अक्षर द्या, नाहीतर डीवर बसवलेले प्रोग्रॅम बोंबलतील. डी दुसऱ्याच कुणी बळकावला असेल, पेन ड्राइव्हने वगैरे, तर आधी त्याचं अक्षर बदला. शे-पाचशे एमबीची ‘ईएफआय’ आणि ‘रिकव्हरी’ पार्टिशन (डिस्कचे विंडोजने राखलेले भाग) दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

डाव्या चौकोनात ‘ऑफलाइन’ असेल तर तिथेच राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’. एका डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) करून दोन्ही जोडल्या की दोघींची ओळख एकच ठरते आणि विंडोज एकीला बाजूला बसवतं. अशा वेळी जुनी काढून ठेवा.

‘रॉ’ दिसलं, म्हणजे विंडोजला डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही, तर हात खिशात. ‘फॉरमॅट करायचंय का?’ याला नाही म्हणा. आणि व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये ज्याला त्याला ‘चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) चालव’ सांगणाऱ्यांचं ऐकू नका. 2020 मध्ये विंडोज 10 च्या 2004 आवृत्तीनंतर काही पॅरिटी स्टोरेज स्पेसेस (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण) रॉ दिसू लागल्या, तेव्हा चेकडिस्क चालवू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टने बजावलं होतं. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं आणि आत्ता तेच नकोय. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी मशीन चालवणारी फुकट प्रणाली) घ्या, ‘ट्राय’ निवडून त्यावरून मशीन चालू करा. तिथे फाइल्स दिसल्या तर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. नाहीच दिसल्या तर टेस्टडिस्क हे फुकट साधन हरवलेलं पार्टिशन शोधून देतं, मात्र ते साधन आणि सापडलेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या. डिस्क कटकट आवाज करत असेल तर हेही नको, बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एवढं करून जमलं नाही आणि अपडेट नुकतंच झालंय, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’, म्हणजे आधीच्या विंडोजवर परत. मोठ्या अपडेटनंतर हे बटण साधारण 10 दिवस चालतं. तोवर जागा मोकळी करायला म्हणून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ (जुन्या विंडोजच्या फाइल्स) उडवू नका, त्याबरोबर परतीचा रस्ताही जातो.