एकाच छोट्या बॅगेत लग्नाला जाताय? कपड्यांचे ऐनवेळचे घोळ असे निस्तरा

घरचं लग्न दुसऱ्या गावी असलं की सगळ्या जणी साड्या किती न्यायच्या यावरच डोकं लावतात, पण ऐनवेळी घोळ होतो तो ब्लाऊज, परकर, नाडी, हुक असल्या गोष्टींचा. साडी राहिली तर मावशी, आत्या, काकू कोणीतरी देतेच, ब्लाऊज मात्र दुसरीचा होत नाही. म्हणून ब्लाऊज हातातल्या पर्समध्येच ठेवा, बॅग इकडेतिकडे झाली तरी चालेल. आणि निघायच्या आठवडाभर आधी घालून बघा, हुक लावून, हात वर करून, खाली वाकून. नुसता अंगाला लावून बघितलेला चालत नाही.

साड्या दोन बास. एक सिल्क मुहूर्ताला, एक हलकी सीमांतपूजनाला, आणि हळदीला जुना कॉटनचा ड्रेस. विमानाने जाणार असाल तर केबिन बॅग बहुतेक ठिकाणी 7 किलोच, त्यात हे आरामात बसतं. पैठणी सुती पंचात गुंडाळा आणि जरीवर परफ्युम मारू नका, जर काळी पडते.

आता तिथे गेल्यावरचं. ब्लाऊज घट्ट होतोय? आतून बघा, टेलरने बाजूला दोन-तीन शिलाया मारलेल्या असतात, त्यातली सगळ्यात आतली म्हणजे अंगाकडची सेफ्टी पिनेच्या टोकाने एकेक टाका उचलून उसवायची, दोन्ही बाजूंची सारखीच, नाहीतर ब्लाऊज एकीकडे ओढला जातो. हुक तुटला तर पिन आतून आडवी लावा, उभी लावली की ताण आला की उघडते. नाडी आत गेली तर टोकाला पिन अडकवून नेफ्यातून सरकवत आणायची, आणि पुढच्या वेळी काढून ठेवताना दोन्ही टोकं एकत्र गाठ मारून ठेवा म्हणजे हा प्रकारच नको. परकरच राहिला घरी? लेगिंग घाला, त्यावर कमरेला एक नाडी किंवा पातळ ओढणी घट्ट बांधा, निऱ्या त्यात खोचा, लेगिंगच्या इलॅस्टिकवर भरवसा ठेवू नका. कोणाकडे जास्तीची नऊवारी असेल तर अजून छान, तिला परकर लागतच नाही.

हळदीच्या डागाचं नीट वाचा, कारण इथेच लोक घाई करतात. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो, साबणातल्या क्षारामुळे, आणि बघणाऱ्याला वाटतं कपडा गेला. कपडा गेलेला नसतो. सुती असेल तर थंड पाण्यात खळखळून धुवा, मग साबण, आणि कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. सिल्कवर पडली तर चोळायचंच नाही, सुकू द्या, हलक्या हाताने झटका, बाकी घरी येऊन ड्रायक्लीनला.

पंगतीत तुपाचा किंवा तेलाचा डाग पडला तर पाण्याला हात लावू नका. टाल्कम पावडर भरपूर टाका, दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, झटका, परत टाका. कार्यालयात पावडर कोणाकडे तरी असतेच.

इस्त्रीसाठी कार्यालयात एकच प्लग आणि भलीमोठी रांग असते, म्हणून आदल्या रात्रीच साडी दोरीवर पसरून टाका, निम्म्या चुण्या आपोआप जातात. इस्त्री मिळालीच तर कमी गरम, उलट्या बाजूने, वर सुती रुमाल ठेवून.

पुरुष मंडळींचं फार नाही, कुर्त्याची सुटी बटणं हरवतात तेवढं, ती घरीच कुर्त्याला लावून न्या आणि पायजम्याची नाडी तपासा.

पिना डझनभर तरी, सुईदोरा, दोन जास्तीचे हुक, हे सगळं चष्म्याच्या जुन्या केसमध्ये मावतं. विमान असेल तर कात्री नको. आणि परतताना हळदीचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, ओले असतील तर रंग थेट सिल्कला लागतो.