ब्रेक लाइटचा स्विच घरी कसा बदलावा

गेल्या पावसाळ्यात बोरघाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो होतो, तेव्हा मागच्या टेम्पोचा चालक मुद्दाम खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, तुमचा ब्रेक लाइट लागत नाही. एकही नाही.” संपूर्ण घाट मी धुक्यात आणि पावसात, मागच्याला कसलीही सूचना न देता उतरलो होतो, हे कळल्यावर अंगावर काटा आला. त्याचे आभार मानून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात स्विच बदलला. हे काम कोणाही काळजीपूर्वक माणसाला जमण्यासारखे आहे, मात्र त्यातील एक टप्पा असा आहे की तेथे घाई केली तर दिवे लागतील, पण ब्रेक बिघडतील. म्हणून त्या टप्प्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

नवा स्विच आणण्यापूर्वी दोष खरोखर स्विचमध्येच आहे याची खात्री करावी. एकाच बाजूचा दिवा लागत नसेल तर स्विचला हात लावण्याचे कारण नाही. त्या बाजूचा बल्ब, त्याचा होल्डर किंवा अर्थिंग तपासावे. डावा, उजवा आणि मागच्या काचेजवळचा तिसरा असे सर्व दिवे एकदम बंद असतील तर प्रथम फ्यूज पाहावा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे हॉर्नही वाजत नसेल तर उत्तर बहुधा फ्यूजच्या डब्यातच सापडते. फ्यूज शाबूत असूनही तिन्ही दिवे बंद असतील, किंवा पॅडल फार खोल दाबल्यावरच ते लागत असतील, तर संशय स्विचवर येतो.

स्विचची रचना फ्रिजच्या दारातल्या स्विचसारखी आहे. फ्रिजचे दार बंद असताना खुंटी दाबलेली राहते आणि दिवा विझलेला असतो; दार उघडले की खुंटी बाहेर येते आणि दिवा लागतो. येथेही पाय ब्रेकवर नसताना पॅडलची पट्टी खुंटीला दाबून धरते, आणि आपण ब्रेक दाबला की पट्टी दूर जाते, खुंटी स्प्रिंगने बाहेर येते आणि आतले संपर्क जुळतात. बहुतेक गाड्यांत या स्विचला बॅटरीकडून थेट प्रवाह मिळतो, त्यामुळे किल्ली काढलेली असली तरी ब्रेक दाबताच दिवे लागतात.

दिवे सतत चालू राहणे हा उलट दोषही तितकाच सामान्य आहे आणि त्याबाबत फसगत फार होते. आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांची बॅटरी रोज सकाळी उतरलेली असे. 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 42 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला साडेतीन अँपिअर. 35 अँपिअर-तासांची बॅटरी नवी असली तरी दहा तासांत रिकामी होणारच. एका गॅरेजमध्ये त्यांना आधी नवी बॅटरी आणि मग नवा स्विच बसवून दिला, तरी दिवे विझेनात. शेवटी चालकाच्या पायाजवळचा मॅट उचलला, तेव्हा खाली पांढऱ्या प्लास्टिकचे तीन-चार ठिसूळ तुकडे मिळाले. पॅडलच्या पट्टीला जेथे स्विचची खुंटी टेकते तेथे एक भोक असते आणि त्यात प्लास्टिकची किंवा रबराची छोटी गुंडी बसवलेली असते. ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकून तुटली होती आणि खुंटी त्या मोकळ्या भोकातून आरपार बाहेर आली होती. गुंडी नवी बसवताच दोष गेला. तेव्हा दिवे विझत नसतील तर स्विच विकत घेण्याआधी मॅटखाली हात फिरवून पाहावा.

स्विच तपासायला मल्टिमीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. दोन तारांच्या स्विचमध्ये एका तारेवर कायम 12 व्होल्ट दिसले पाहिजेत आणि दुसरीवर फक्त ब्रेक दाबल्यावर. पहिल्या तारेवर वीज आहे, पण पॅडल दाबूनही दुसरीवर येत नाही, असे आढळले तर स्विच गेला असे समजावे. चार तारांचा स्विच असेल तर त्यात दोन स्वतंत्र संपर्क असतात आणि एकाचा संदेश इंजिनच्या संगणकाकडे जातो. अशा गाडीत वायरिंगचा नकाशा हाती नसताना तारा एकमेकींना जोडून पाहू नयेत. काही जण जुन्या स्विचमध्ये क्लीनरचा फवारा मारून वेळ भागवतात. संपर्कांनी कार्बन धरलेला असतो, चार दिवस स्विच चालतो आणि पुन्हा बंद पडतो, तेही आपल्याला न कळता. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी हा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्विच घेताना जुना नमुना सोबत न्यावा, आणि तो आधी काढता येत नसेल तर गाडीचे मॉडेल, वर्ष आणि तारांची संख्या लिहून न्यावी. पुण्यात मी नाना पेठेतून घेतला. खुंटीची लांबी, आटे आणि कपलरचा, म्हणजे तारा स्विचला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टोकाचा, आकार तिन्ही जुळले पाहिजेत, आणि प्लास्टिकची गुंडीही त्याच वेळी मागून घ्यावी, कारण जुनी आज शाबूत दिसली तरी वयाने ती स्विचएवढीच असते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढावी आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ टेकून, डोके पॅडलच्या दिशेने ठेवून वर पाहिले की ब्रेक पॅडलच्या वरच्या टोकाशी, लोखंडी ब्रॅकेटमध्ये अडकवलेला आणि तारा जोडलेला स्विच दिसतो. कपाळाला लावायची बॅटरी असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. स्टीअरिंगच्या आसपास पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना स्पर्श करू नये.

स्विच सोडवण्यापूर्वी त्याचा फोटो घ्यावा आणि आट्यांचा किती भाग नटच्या बाहेर आहे तो मोजून ठेवावा. कपलरची कडी अंगठ्याने दाबून कपलर आधी काढावा, नाहीतर स्विच फिरवताना तारा पिळल्या जातात. आट्यांच्या स्विचला जागी घट्ट धरणारा लॉकनट पान्याने, बहुधा 14 नंबरच्या, सैल करावा आणि स्विच हाताने फिरवून काढावा. काही गाड्यांत आट्यांऐवजी खाचेत बसणारा स्विच असतो आणि तो पाव फेऱ्याहूनही कमी वळवला की सुटतो. त्यातील काही प्रकारांत खुंटी स्वतःच आपली लांबी जुळवून घेते आणि ही सोय एकदाच चालते, म्हणून तो स्विच उगाच काढघाल करून पाहू नये आणि बसवताना पॅडल दाबून धरायचे की सोडायचे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच करावे.

आता तो महत्त्वाचा टप्पा. आट्यांचा स्विच जितका आत फिरवावा तितका तो पॅडलला पुढे ढकलतो. पॅडल पूर्ण मागे येऊ शकले नाही तर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टनही मागे येत नाही, आणि तेल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. मग ब्रेक तापून तेल फुगले की दाब कोंडला जातो, पॅड डिस्कला घासत राहतात, गाडी जड चालते आणि घाटात चाकांतून जळका वास येतो. दिवे मात्र उत्तम लागत असतात, त्यामुळे संशय स्विचवर जातच नाही.

हे टाळण्यासाठी पॅडल हाताने आपल्याकडे ओढून धरावे, स्विचचा आट्यांचा भाग गुंडीला हलकेच टेकेपर्यंत फिरवावा आणि तेथून पाऊण फेरा उलटा घ्यावा. आटे बहुधा सव्वा मिलिमीटरच्या अंतराने कापलेले असतात, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर फट राहते. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते. ते त्या फटीत खुंटीच्या बाजूने सहज सरकले पाहिजे. माहितीपुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर तेच धरावे. त्यानंतर स्विच एका हाताने स्थिर धरून लॉकनट आवळावा, कारण नटबरोबर स्विचही फिरला तर सारी जुळणी वाया जाते. नट आवळून झाल्यावर कार्ड पुन्हा सरकवून पाहावे आणि पॅडल बोटाने दाबून त्याला पूर्वीइतकाच सैलपणा आहे ना, हे तपासावे.

कपलर टक आवाज होईपर्यंत बसवून बॅटरी जोडावी. मदतीला कोणी नसेल तर संध्याकाळी गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून आरशात पाहिले की लाल प्रकाश उमटलेला दिसतो. पॅडल थोडेसे दाबताच दिवे लागले पाहिजेत आणि पाय काढताच विझले पाहिजेत. पाय नुसता टेकवून, हळूहळू दाबून आणि झटक्यात सोडून असे दहा-बारा वेळा करावे. नंतर पाच किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताचा तळवा नेऊन उष्णता पाहावी, मात्र डिस्कला हात लावू नये. एखादे चाक भाजण्याइतके तापलेले असेल तर गाडी रस्त्यावर न नेता स्विच आणखी अर्धा फेरा मागे घ्यावा आणि थंड झाल्यावर पुन्हा तपासावे. तरीही ते तापत राहिले तर स्विच सोडून कॅलिपरकडे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चाकाजवळच्या भागाकडे, पाहावे लागेल, आणि ते काम मेकॅनिककडेच द्यावे.