दातांची सणक कशी थांबली: माझा अनुभव

गार पाणी तोंडात घेतलं की डाव्या बाजूला सणक जायची. सांगलीत राहून ऐन हंगामात द्राक्षं खाता येईनात, याचं फार वाईट वाटायचं. विश्रामबागेतल्या डॉक्टरबाईंनी आरसा धरून हिरडीलगतच्या खाचा दाखवल्या. कीड नव्हती, झीज होती. दोन वर्षं मी दात पांढरे करणारी कोळशाची पेस्ट वापरत होतो, तीही कडक ब्रशने, जोर लावून आडवी घासत.

पेस्ट दात किती झिजवते ते आरडीए या आकड्यात मोजतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची कमाल मर्यादा २५० आहे. हा आकडा इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या थराचा नाही, त्याखालच्या डेंटिन या थराचा. इनॅमल कठीण असतं, पण हिरडी मागे सरकली की मऊ डेंटिन उघडं पडतं आणि खाच तिथंच पडते. ट्यूबवर हा आकडा सहसा छापत नाहीत, हे मला खरोखर खटकतं. दात पांढरे करणाऱ्या पेस्ट बऱ्याचदा जास्त खरखरीत असतात. राखुंडी, मिश्री तर नकोच.

आता मऊ ब्रश, हलका हात, सणक कमी करणारं पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली सौम्य पेस्ट. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नाही. दीड महिन्यात सणक थांबली. खाचा मात्र आपोआप भरत नाहीत. सगळ्यात खोल होती ती बाईंनी भरून दिली.