क्लायमेट फायनान्समध्ये यायचंय? आधी जलूदचे कागद वाचा

अर्थशास्त्रात एम.ए., बी.कॉम. किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग केलेली इंदूरमधली मुलं-मुली अलीकडे विचारतात, "ताई, क्लायमेट फायनान्समध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू?" क्लायमेट फायनान्स म्हणजे हवामान बदल रोखण्यासाठी आणि त्याला तोंड देण्यासाठी उभा केलेला पैसा. बहुतेकांचा तोवर पॅरिस कराराचा इतिहास पाठ झालेला असतो. मी त्यांना आधी जलूदचं ऑफर डॉक्युमेंट, म्हणजे बाँड विकताना गुंतवणूकदारांना दिलेलं माहितीपत्रक, वाचायला सांगते.

जलूद खरगोन जिल्ह्यात, नर्मदेकाठी आहे. इंदूरचं पिण्याचं पाणी तिथून उचललं जातं. सुमारे 70 किलोमीटर, तेही चढावर पाणी आणायचं म्हटल्यावर विजेचं बिल अवाढव्य येणारच. ते कमी करण्यासाठी तिथे 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरलं आणि त्यासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. रक्कम 244 कोटी रुपये, व्याज 8.25 टक्के. मूळ 122 कोटींच्या इश्यूला मागणी जवळपास सहापट आली. सामान्य गुंतवणूकदाराला घेता येतील असे महापालिकेचे ग्रीन बाँड देशात पहिल्यांदाच निघाले होते.

हा पैसा देशातलाच, बाजारातून उभा केलेला. तरीही या विषयाचे सगळे मूळ प्रश्न त्यात आहेत. पैसा कोणाचा? किती वर्षांसाठी? फेडणार कोण, कोणत्या उत्पन्नातून? वीज अंदाजापेक्षा कमी तयार झाली तर तोटा कोण सोसणार? पुढे सोंगदो (ग्रीन क्लायमेट फंड हा आंतरराष्ट्रीय निधी), वॉशिंग्टन (जागतिक बँक) किंवा मनिलाहून (आशियाई विकास बँक) येणाऱ्या पैशालाही हेच प्रश्न विचारायचे असतात. आपल्या नळाच्या पाण्यावर ते एकदा विचारून पाहिले की परक्या देशाच्या प्रकल्पात बुजायला होत नाही.

मी स्वतः देवी अहिल्या विद्यापीठातून अर्थशास्त्र केलं. नोकरीची पहिली काही वर्षं रामबागेजवळच्या एका सी.ए.च्या ऑफिसात स्वयंसेवी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. उपयोगिता प्रमाणपत्रं, बिलं, बँकेचे उतारे. तिथे लागलेली सवय आजही रोज उपयोगी पडते. या क्षेत्रात हवामानाबद्दल कळकळीने बोलणारे पुष्कळ भेटतात, कॅश फ्लोचा, म्हणजे पैसा कधी येतो-जातो याचा, तक्ता शांतपणे वाचणारे कमी. कॉमर्सच्या मुलांनी स्वतःला बाहेरचं समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

जलूदनंतर रीवा. तिथला 750 मेगावॅटचा सोलर पार्क आपल्याच राज्यात आहे. त्याच्या अंतर्गत सुविधांसाठी जागतिक बँकेचं आणि क्लीन टेक्नॉलॉजी फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधीचं सवलतीचं कर्ज आलं. 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटमागे 2 रुपये 97 पैसे निघाला, तेव्हा देशभर चर्चा झाली. दर एवढा खाली येण्यामागे फक्त स्वस्त झालेली पॅनेल्स नव्हती. पैसे वेळेवर मिळतील याची हमी करारात पक्की बांधलेली होती, म्हणून कंपन्यांनी जोखमीपोटी जादा दर लावला नाही. सार्वजनिक पैसा थोडा असला तरी योग्य जागी ठेवला तर खाजगी पैसा कसा खेचून आणतो, हे रीवात दिसतं. दिल्ली मेट्रो तिथली वीज घेते, हेही लक्षात ठेवा. खरेदीदार कोण आहे यावर अर्धा हिशेब अवलंबून असतो.

आता मोठे आकडे. 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की 2020 पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबाप्रमाणे तो आकडा पहिल्यांदा 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा ओलांडला गेला: 115.9 अब्ज डॉलर. बातमी इथे संपते, आपलं काम इथून सुरू होतं. त्यातल्या सार्वजनिक पैशापैकी सुमारे 69 टक्के कर्ज होतं आणि अनुदान 28 टक्क्यांच्या आसपास. कर्ज मोजताना त्याची पूर्ण रक्कम धरली जाते, परतफेड वजा होत नाही. अनुकूलनासाठी, म्हणजे दुष्काळ, पूर, उष्णता सोसता यावी म्हणून गेले 32.4 अब्ज. पूर अडवणाऱ्या बंधाऱ्यातून वीजबिलासारखं उत्पन्न निघत नाही, म्हणून तिकडे खाजगी पैसा फिरकत नाही, आणि नेमकं तिथेच अनुदान हवं असतं. ज्यांनी हवा कमीत कमी बिघडवली त्यांनी सावरण्यासाठी कर्ज काढावं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवं उद्दिष्ट ठरलं: 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर. सगळ्या स्रोतांतून मिळून 1.3 लाख कोटी डॉलरची हाकही त्याच मजकुरात आहे. विकसनशील देशांची मागणी याहून कितीतरी मोठी होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच, भर सभेत तीव्र आक्षेप नोंदवला. अशा बातम्या वाचताना वहीत चार रकाने आखा: अनुदान, सवलतीचं कर्ज, बाजारभावाचं कर्ज, खाजगी गुंतवणूक. आकडा कोणत्या रकान्यात जातो हे ठरवता आलं नाही तर तो आकडा तुम्हाला अजून कळलेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ ग्रीन क्लायमेट फंडाच्या प्रस्तावांना द्या. या फंडाचं मुख्यालय दक्षिण कोरियात सोंगदोला आहे आणि मंजूर प्रस्ताव संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत. फंडाकडे थेट अर्ज करता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावं लागतं. आपल्याकडे नाबार्ड (शेती आणि ग्रामीण विकासाची बँक) आणि सिडबी (लघुउद्योगांची बँक) त्यांपैकी आहेत. शिवाय देशाचं ना-हरकत पत्र लागतं, ते केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडून. पहिला प्रस्ताव वाचायला मी नाबार्डचा ओडिशातला देते. 2017 मध्ये मंजूर झालेला, आदिवासी भागात भूजल पुनर्भरण आणि सौर सिंचन, फंडाचा वाटा सुमारे 3.4 कोटी डॉलर. तो वाचताना एकाच गोष्टीचा माग काढा: हा वाटा नेमका कशावर खर्च होतो आणि राज्य सरकारचा पैसा कशावर?

नवे लोक हमखास अडखळतात ते क्लायमेट रॅशनेलपाशी, म्हणजे हा प्रकल्प हवामान बदलामुळेच का लागतो याच्या पुराव्यापाशी. समजा देवास जिल्ह्यातल्या एका गावात शेततळी बांधायची आहेत. गावात पाणी कमी आहे, लोक गरीब आहेत, एवढ्यावर पैसा मिळत नाही; तो झाला विकासाचा प्रकल्प, त्यासाठी इतर योजना आहेत. पाऊस कसा बदलला हे दाखवावं लागतं. एकूण पाऊस तेवढाच राहून पावसाचे दिवस कमी झाले का? सोयाबीनला शेंगा भरताना खंड पडतो का? की कापणीच्या तोंडावर झोडपतो? हवामान खात्याची अक्षांश-रेखांशाच्या 0.25 अंशाच्या चौकटींतली दैनंदिन पावसाची आकडेवारी 1901 पासूनची मोफत उतरवून घेता येते. एक्सेल येत असेल तर सुरुवात होते, पुढे पायथॉन ही संगणकाची भाषा शिकाच. पण आकडे काढून थांबू नका. पुढच्या 30 वर्षांचा अंदाज काय, त्यामुळे जादा खर्च किती, आणि त्या जादा खर्चातला किती भाग फंडाकडून मागायचा, इथपर्यंत साखळी जोडावी लागते. मधली एक कडी सुटली की प्रश्नांची लांबलचक यादी परत येते. आकडेवारीने गृहीतक खोटं ठरवलं तर प्रकल्प बदलायचा, आकडे नव्हे. याबाबतीत तडजोड करू नका, वरिष्ठ घाई करत असले तरी.

आणखी एक गोष्ट वर्गात क्वचित शिकवली जाते. डॉलरमधलं कर्ज रुपयांत फेडायचं असतं. ग्रीन क्लायमेट फंडाचं सर्वाधिक सवलतीचं कर्ज 40 वर्षांचं, पहिली 10 वर्षं मुद्दल नाही, व्याज शून्य, 0.25 टक्के सेवाशुल्क. ऐकायला फुकटच. पण पाणीपट्टी रुपयांत गोळा होते आणि रुपया घसरला की हप्ता फुगतो. ती जोखीम केंद्र सरकार उचलतं, बँक उचलते की शेवटी नगरपालिकेच्या गळ्यात पडते, हे कराराच्या टर्मशीटमध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या तक्त्यात, शोधा.

नोकऱ्या कुठे? नाबार्डची ग्रेड ए परीक्षा हा सर्वांत सरळ रस्ता. भोपाळला एप्को ही राज्य सरकारची पर्यावरण संस्था आहे, राज्याचं हवामान बदलाचं काम तिथून चालतं. मोठ्या सल्लागार कंपन्या, दिल्लीतल्या संशोधन संस्था आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पांतली कंत्राटी पदंही आहेत. कंत्राट वर्षा-वर्षाचं असतं, घरी आई-बाबांना हे आधीच नीट समजावून सांगा. परदेशी पदवी असली तर बरं, पण त्यासाठी कर्ज काढायची घाई करू नका. आधी यूएन सीसी लर्न या संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरचे मोफत अभ्यासक्रम करा, मग एखाद्या जमिनीवरच्या संस्थेत वर्षभर काम करा.

ते वर्ष गावात घालवा, इंदूरच्या ऑफिसात नको. प्रस्ताव इंग्रजीत लिहायचा असला तरी त्यातली माहिती मालवीत मिळते. शेतकरी ओट्यावर बसून कोणत्या वर्षी पेरणी दोनदा करावी लागली ते सांगतो, तेव्हा वर्ष आणि महिना लिहून घ्या आणि संध्याकाळी हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहा. अर्जासोबत अशा एका गावाचं दोन पानी टिपण जोडलंत तर मुलाखत घेणारा प्रमाणपत्रांच्या आधी ते वाचेल. मी तरी वाचते.