मालवण ते देवबाग सायकलने: सपाट रस्त्यावरचा वारा कसा सांभाळावा

मालवणहून वायरी आणि तारकर्ली करत देवबागच्या टोकापर्यंत जाणारा रस्ता साधारण १२ किलोमीटरचा आहे आणि त्यावर चढ म्हणावा असा चढ नाही. निघताना उजव्या हाताला सिंधुदुर्ग किल्ला असतो. त्याच्या भोवतीचा समुद्र म्हणजे १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक हा त्याचा गाभा आहे. तारकर्ली ओलांडली की डावीकडून कर्लीची खाडी जवळ येऊ लागते, आणि समुद्र व खाडी यांच्यामधल्या, माडांनी भरलेल्या वाळूच्या पट्टीवरून रस्ता देवबागला पोहोचतो. हे सगळे पाहून ‘नवख्यांसाठी अगदी सोपा रस्ता’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी अनेकांची परतीची वाट यातनामय झालेली मी पाहिली आहे. या रस्त्यावरचा घाट म्हणजे वारा, आणि तो दुपारी सुरू होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत. पाणी दोन बाटल्या पुरते.

आता वाऱ्याविषयी. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. सूर्य वर आला की जमीन भराभर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. शाळेत आपण हे सगळेच शिकलेलो असतो, पण सायकल काढताना ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. हिवाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी दहा-साडेदहापर्यंत हवा जवळजवळ स्तब्ध असते, अकरानंतर वारा अंग धरतो, दोन ते चारच्या दरम्यान तो सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. हा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, आणि आपला रस्ता मालवणहून दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे जातो. म्हणजे उशिरा जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो आणि परत येताना तोच थेट तोंडावर बसतो.

पाठीचा वारा जाणवत नाही, हीच यातली खरी मेख आहे. ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा पाठीशी असताना आपणही २० च्या वेगाने चाललो असू, तर चेहऱ्याला हवा लागतच नाही. सायकल आपोआप पळते आणि आज आपले पाय चांगले चालले आहेत असे वाटू लागते. तोंड वळवले की त्याच वेगाला अंगावर ताशी ४० किलोमीटरची हवा येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो वारा नसतानाच्या चौपट होतो. म्हणून माझा ठाम नियम असा आहे की दक्षिणेकडे जाताना चालत्या सायकलवर चेहऱ्याला वारा लागेनासा झाला, तर तिथेच थांबून माडांच्या शेंड्यांकडे आणि होड्यांवरच्या झेंड्यांकडे पाहावे. रस्ता घरांच्या आणि बागांच्या आडोशाने जातो, त्यामुळे खाली झाडाचे पान हलत नसतानाही वर झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या ताणलेल्या दिसतात.

पहिल्या वेळी मी हे काहीही पाहिले नव्हते. साडेनऊला मालवणहून निघालो, मजेत देवबाग गाठले, होडीतून संगमापर्यंत फिरून आलो, जेवलो आणि दीड वाजता परत निघालो. ज्यांच्या खानावळीत जेवलो होतो ते काका दारात उभे राहून म्हणाले, “वारो पडांदे, मगे जावा.” मी हसून मान डोलावली आणि निघालो. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये माझा वेग ताशी बाराच्या खाली आला. मला तो सहन होईना, म्हणून मी जड गियर टाकून उभ्याने पेडल मारत राहिलो. मालवणात पोहोचलो तेव्हा उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येत होती आणि ती जायला तीन आठवडे लागले. चढावर निदान पुढे उतार असतो. समोरच्या वाऱ्यात सपाट रस्त्यावर पाय थांबवले की सायकल थांबते.

‘जाताना मिळते, येताना जाते, हिशेब बरोबर’ असेही म्हटले जाते. तो हिशेब चुकीचा आहे. जाताना ३० च्या वेगाने १२ किलोमीटरला २४ मिनिटे लागली आणि येताना १२ च्या वेगाने ६० लागली, तर एकूण ८४ मिनिटे होतात. वारा नसताना दोन्हीकडे २० च्या वेगाने हेच अंतर ७२ मिनिटांत होते.

तेव्हा बेत वाऱ्यावरून ठरवावा. मुक्काम मालवणात असेल तर उजाडताच निघावे, देवबागला चहा घ्यावा आणि नऊच्या आत परतीला लागावे. होडीची फेरी नंतर दुसऱ्या वाहनाने येऊन करावी. मुक्काम तारकर्लीत किंवा देवबागला असेल तर तुमचे नशीब चांगले आहे: सकाळच्या स्तब्ध हवेत उत्तरेकडे मालवणला जावे, बाजारात सावकाश न्याहारी करावी, आणि अकराचा वारा पाठीवर घेऊन परत यावे. मित्रमंडळी मालवणात उतरणार असतील तरी मी स्वतः तारकर्लीतच राहतो, ते याच कारणासाठी.

तरीही वाऱ्यात सापडलात, तर वेगाचा आकडा पाहणे बंद करावे. गियर दोनतीन घरांनी हलका करावा आणि पेडलच्या मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या होतील असा ठेका धरावा, मग वेग दहा असो वा पंधरा. कोपरे वाकवून छाती खाली आणावी. वाऱ्याला अडणारे सर्वांत मोठे शीड म्हणजे आपली छाती. वाऱ्याने फुगणारे सैल जॅकेट काढून ठेवावे. चौघे असाल तर एकामागे एक राहून दर दोन मिनिटांनी पुढचा बदलावा, पण शेजारी-शेजारी पसरू नये, कारण रस्ता जेमतेम एका एसटीचा आहे. घरांची रांग संपून किनाऱ्याच्या बाजूला मोकळी जागा येते तिथे आडवा झोत अचानक लागतो. तिथे हँडल घट्ट आवळण्यापेक्षा बोटे सैल ठेवली तर सायकल कमी भरकटते. आणि वेळ असेल तर काकांचेच ऐकावे. सूर्यास्ताला वारा पडतो, मागचा-पुढचा दिवा असेल तर तेव्हा निघणे केव्हाही बरे.

डांबरावर पसरलेली वाळू ही दुसरी अडचण, पण ती लहान आहे. वाळू दिसली की आधीच वेग कमी करावा, तिच्यावर असताना ब्रेकही लावू नये आणि वळूही नये. समोरून गाडी आली तर चालत्या सायकलवरून साइडपट्टीवर उतरू नका. पुढचे चाक तिथे रुतते. थांबून पाय टेकावा आणि गाडी जाऊ द्यावी.

सायकल पुळणीवर नेऊ नये, ओली वाळू कितीही कठीण दिसली तरी. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि वाळूखालचे घरटे वरून ओळखू येत नाही. शिवाय लाटेचे पाणी एकदा चाकाच्या मध्यातल्या हबमध्ये शिरले की बेअरिंग गेलेच समजा. खाडीच्या बाजूला कांदळवनाच्या कडेला थांबायचे असेल तर सायकल रस्त्यावर टेकवून चालत जावे. तिथे ओहोटीला चिखलावर एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे बाहेर येतात; पाच मिनिटे निश्चल उभे राहिले की बिळात गेलेले पुन्हा वर येऊन ती नांगी हलवू लागतात. ही पाच मिनिटे वेळापत्रकात धरावीत.

परत आल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, सायकल गोड्या पाण्याने धुवावी. पाणी बादलीतून ओतावे, जोराचा फवारा मारू नये, कारण तो मीठ बेअरिंगच्या आत ढकलतो. साखळी कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण सुकल्यावरच तेल घालावे. ओल्या साखळीवर तेल घातले तर खारे पाणी आतच कोंडले जाते आणि रात्रीत कड्यांवर तांबूस गंज चढतो. सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, काढून, पुसून, त्याला ग्रीस लावूनच परत बसवावा. अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट खाऱ्या हवेत फ्रेमला असा धरून बसतो की पुढे तो कापूनच काढावा लागतो.